शंभर टनी डंपरचे वेट डिस्क ब्रेक: तपासणी आणि पुनर्बांधणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खुल्या कोळसा खाणींत साठ आणि शंभर टनी डंपर चालतात. पुढील उत्तरे प्रामुख्याने शंभर टनी वर्गातील डंपरना, म्हणजे कोमात्सु एचडी ७८५ किंवा कॅटरपिलर ७७७ यांसारख्या यंत्रांना धरून लिहिली आहेत. झिजेची मर्यादा, बोल्टांचा टॉर्क आणि चाचणीचे दाब मॉडेलनुसार, कित्येकदा एकाच मॉडेलच्या क्रमांकमालेनुसारही बदलतात. म्हणून ते आकडे येथे दिलेले नाहीत. ते त्या यंत्राच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावेत.

वेट ब्रेक साध्या ट्रकच्या ब्रेकपेक्षा वेगळा कसा?

साध्या ट्रकमध्ये ड्रमवर किंवा उघड्या डिस्कवर कोरडे लायनिंग घासते. वेट ब्रेकमध्ये हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. त्यांपैकी एक प्रकार चाकाबरोबर फिरतो, दुसरा स्थिर घरात दातांनी अडकलेला असतो, आणि पेडल दाबल्यावर कड्याच्या आकाराचा पिस्टन हा सगळा थर, म्हणजे ब्रेक पॅक, एकत्र दाबतो. हे सारे बंद घरात चालते आणि त्यातून थंड तेल सतत वाहत असते.

तेलामुळे घर्षण कमी होते ही गोष्ट खरी आहे. कोरड्या लायनिंगचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो, तर तेलातल्या प्लेटांचा ०.१ च्या आसपास. ही तूट घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या वाढवून भरून काढली जाते. दहा फ्रिक्शन प्लेट असल्या तर घासणारे पृष्ठभाग वीस होतात. त्या बदल्यात कोळशाची धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि पाणी यांपासून ब्रेक दूर राहतो. निर्माण झालेली उष्णताही तेलाबरोबर कूलरकडे निघून जाते.

ही उष्णता नेमकी किती असते?

एक हिशेब मांडून पाहावा. भरलेल्या डंपरचे एकूण वजन १६० टन धरू. तो १६ ला १ अशा उतारावरून ताशी २० किलोमीटर वेगाने खाली येत आहे. गुरुत्वामुळे त्याला मिळणारी शक्ती सुमारे ५४५ किलोवॅट होते. हॉल रोडचा (खाणीतल्या डंपरच्या रस्त्याचा) रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरणाऱ्या चाकांना होणारा विरोध, दोन टक्के धरला तर त्यातील सुमारे १७५ किलोवॅट रस्त्यातच जिरतात. उरलेले ३७० किलोवॅट, इंजिनाचा थोडा विरोध सोडल्यास, रिटार्डर (उतारावर वेग आवरून धरणारी यंत्रणा) म्हणून वापरल्या जाणाऱ्या ह्याच ब्रेक पॅकमधून तेलात उतरतात. घरातले दीड किलोवॅटचे सुमारे अडीचशे गीझर एकाच वेळी चालू असावेत, इतकी ही उष्णता आहे.

खाणीच्या तळातून कोळसा वर आणताना भरलेला डंपर चढत असतो आणि रिकामा उतरत असतो, त्यामुळे रोजचा भार ह्याहून कमी असतो. पण जिथे भरलेल्या गाडीला उतारावर जावे लागते, तिथे चालकाने कोणता गिअर धरला यावर ब्रेकचे आयुष्य ठरते. चुकीच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा पॅक किती चांगला बांधला होता, याला मग फारसा अर्थ उरत नाही.

पॅक न खोलता प्लेटांची झीज कशी मोजावी?

बहुतेक यंत्रांत ब्रेकच्या घरावर एक प्लग किंवा मोजपिन असते. ब्रेक पूर्ण दाबून धरल्यावर पिस्टन किती आत गेला, हे त्या छिद्रातून डेप्थ गेजने मोजतात. प्लेटा जितक्या झिजल्या असतील तितका पिस्टन अधिक आत जातो.

मोजणी बिघडण्याची कारणे साधी असतात. तेल गरम असताना माप घेतले, हवेचा किंवा हायड्रॉलिक दाब पूर्ण भरण्याआधीच घेतले, किंवा पेडल धरणारा मदतनीस मध्येच सैल झाला, तर आकडा चुकतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना ठोकळे लावून, ब्रेक थंड झाल्यावर आणि दाब पूर्ण असतानाच माप घ्यावे. प्रत्येक चाकाचे माप तासांच्या नोंदीसह एकाच वहीत लिहिले जावे. एकटे माप फारसे सांगत नाही. तीन-चार मापे एकाखाली एक आली म्हणजे दर हजार तासांना किती झीज होते हे दिसू लागते आणि पुढची तारीख आपोआप ठरते. एकाच ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या चाकांच्या मापांत मोठा फरक आढळला, तर मर्यादा दूर असली तरी कारण शोधावे.

झिजेचे माप ब्रेकची ताकद सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठी पुस्तिकेतील धारण चाचणी वेगळी करावी लागते. तीत ब्रेक दाबून, ठरलेल्या गिअरमध्ये, ठरलेल्या आरपीएमपर्यंत इंजिन वाढवतात आणि गाडी जागची हलते का ते पाहतात. ही चाचणी मोकळ्या सपाट जागीच करावी आणि गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये.

तेलाच्या नमुन्यावरून ब्रेकची स्थिती कळते का?

बरीच कळते, मात्र आपल्या यंत्रातील फ्रिक्शन प्लेट कशाची आहे हे आधी माहीत हवे. सिंटर्ड ब्राँझची (ब्राँझची भुकटी दाबून, तापवून केलेली) प्लेट झिजली तर नमुन्यात तांबे वाढते. कागदी किंवा कार्बन तंतूंच्या थराची प्लेट पार संपत आली तरी तांबे वाढत नाही, आणि तांबे कमी आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या कार्यशाळेची फसगत होते. लोह वाढले तर स्टील प्लेट, दाते किंवा पंप यांच्याकडे पाहावे.

सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने वाढले तर बाहेरची धूळ आत येते आहे असे समजावे. अशा वेळी पहिला संशय फ्लोटिंग सीलवर (एकमेकींवर घासणाऱ्या धातूच्या रिंगांच्या, रबरावर बसवलेल्या सीलवर) आणि टाकीच्या ब्रीदरवर (हवा आत-बाहेर जाण्याच्या झडपेवर) घ्यावा. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीनंतर एकटे सिलिकॉन वाढले असेल, तर ते बहुधा सीलंटमधून आलेले असते. सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर ऑइल कूलर आतून फुटून कूलंट तेलात मिसळत असल्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर आज बदललेले तेल उद्या पुन्हा खराब होईल. अनेक डंपरमध्ये ब्रेक थंड करणारे तेल आणि डंप बॉडी उचलणाऱ्या सिलिंडरांचे तेल एकाच टाकीत असते. म्हणून होइस्ट पंपाचा चुरा ब्रेकमध्ये आणि ब्रेकचा चुरा पंपात जाऊ शकतो, आणि नमुन्यातील धातू कुठला हे ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फिल्टर कापून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पेडल खोल जाते किंवा ओव्हरस्ट्रोकचा दिवा लागतो. प्लेटा संपल्या आहेत का?

प्लेटांकडे शेवटी यावे. हवेच्या दाबाने तेल ढकलणाऱ्या रचनेत मास्टर सिलिंडरचा पिस्टन ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की हा दिवा लागतो. तेलाच्या नळीत हवा अडकलेली असणे, एखादा जोड पाझरणे, स्लॅक ॲडजस्टर (झिजेमुळे वाढलेले अंतर भरून काढणारा भाग) काम न करणे किंवा ब्रेक पिस्टनचे सील कापले जाणे ही याची नेहमीची कारणे आहेत.

शेवटचे कारण सर्वांत लबाड आहे. ब्रेकच्या दाबाचे तेल पिस्टनच्या सीलमधून थंड करणाऱ्या तेलात मिसळते, त्यामुळे जमिनीवर एक थेंबही पडत नाही. छोट्या मेकअप टाकीत (ब्रेकच्या दाबाच्या तेलाची तूट भरून काढणाऱ्या टाकीत) मात्र वारंवार तेल घालावे लागते. बाहेर गळती नाही आणि टाकी तर उतरते आहे, अशी तक्रार आली की त्या चाकाचा पॅक खोलण्याची तयारी ठेवावी.

ब्रेक लावताना करकर आवाज येतो आणि गाडी थरथरते, ते का?

आवाज सुरू होण्याआधी तेल बदलले होते का, हा पहिला प्रश्न विचारावा. तेलातल्या प्लेटा सुरळीत सरकण्यासाठी तेलात ठरावीक घर्षणगुण असावे लागतात. ते नसले तर प्लेट क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि त्यातून ती थरथर येते. कॅटरपिलरचे टीओ-४ हे प्रमाण अशाच प्लेटांसाठी आहे. त्या जागी हाताशी असलेले साधे हायड्रॉलिक तेल किंवा इंजिन तेल ओतले की तक्रार सुरू होते. अशा वेळी योग्य तेल वरून टॉपअप करून भागत नाही. टाकी, नळ्या आणि कूलर रिकामे करून तेल पूर्ण बदलावे लागते. तेल बरोबर असूनही आवाज राहिला, तर प्लेटा चमकल्या आहेत किंवा वाकल्या आहेत असे धरावे.

फेरी संपल्यावर एक चाक इतरांपेक्षा गरम लागते. त्याचा अर्थ काय?

इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब एकाच फेरीनंतर लगोलग मोजावेत. गरम चाक म्हणजे बहुधा सुटत नसलेला ब्रेक. त्यामागे तुटलेली रिटर्न स्प्रिंग, अडकलेला स्लॅक ॲडजस्टर, आतून फुगून बंद झालेली नळी किंवा पार्किंग ब्रेक सोडण्याचा अपुरा दाब असू शकतो. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. दाब थोडा जरी कमी पडला तरी तो अर्धवट लागलेला राहतो आणि चालकाला त्याचा पत्ता लागत नाही.

सर्वांपेक्षा थंड राहणाऱ्या चाकाकडे मात्र कोणी पाहत नाही. माझ्या मते ते अधिक धोक्याचे आहे, कारण ते चाक आपल्या वाट्याचे ब्रेकिंग करतच नाही आणि त्याचा भार इतरांवर पडतो.

सगळीच चाके गरम असली तर दोष एका पॅकमध्ये नसून थंड करणाऱ्या तेलाच्या फेऱ्यात असतो. कूलरच्या जाळीत कोळशाची धूळ आणि तेल यांचा लगदा बसतो, आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्या कूलरकडे राखीव क्षमता उरत नाही. अनेक यंत्रांत तेलाच्या तापमानाचा इशारा १२० अंश सेल्सियसच्या आसपास येतो. तो वारंवार येत असेल तर पॅक खोलण्यापूर्वी कूलर धुवावा.

फायनल ड्राइव्हमधील तेल आपोआप वाढते आहे. हे कसे शक्य आहे?

ब्रेकचे घर आणि फायनल ड्राइव्ह (चाकाला फिरवणारा शेवटचा गिअरसंच) यांना वेगळे ठेवणारे सील निकामी झाले, की थंड करणारे तेल दाबामुळे पलीकडे जाते. फायनल ड्राइव्हचे तेल पातळ होते, त्याची पातळी वाढते आणि गिअर व बेअरिंगांवरचे आवरण कमकुवत होते. ब्रेक अजून चांगला लागत असला तरी गाडी थांबवावी; ब्रेकच्या सीलपेक्षा फायनल ड्राइव्ह कितीतरी महाग पडतो.

पॅक केव्हा खोलावा? ठरावीक तासांनी, की बिघाड झाल्यावर?

केवळ तास भरले म्हणून पॅक खोलण्यास माझा विरोध आहे. चांगले बसलेले फ्लोटिंग सील एकदा उघडले की धूळ आत जाण्याची संधी मिळते, आणि धुळीने भरलेल्या शेडमध्ये केलेले अनावश्यक ओव्हरहॉल ब्रेकचे आयुष्य वाढवण्याऐवजी घटवते. झिजेचे माप मर्यादेजवळ आले, नमुन्यातील धातू सलग दोन-तीन वेळा चढत गेले, गळती दिसली किंवा धारण चाचणी फसली, यांपैकी एक कारण वहीत लिहिता आले पाहिजे. याउलट, फायनल ड्राइव्ह दुसऱ्या कामासाठी खोललाच आहे आणि प्लेटांचे अर्ध्याहून अधिक आयुष्य संपले आहे, तर त्याच वेळी पॅक बदलणे स्वस्त पडते.

खोलण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

या कामात माणसे दगावण्याच्या तीन जागा आहेत: टायर, साठवलेला दाब आणि स्प्रिंग.

शंभर टनी डंपरला २७.००–४९ मापाचे टायर असतात आणि त्यांतील हवेचा दाब सुमारे १०० पीएसआय असतो. चाकाचे नट सैल करण्याआधी त्या बाजूच्या दोन्ही जोडटायरांच्या व्हॉल्व्हमधील कोर काढून हवा पूर्ण सोडावी. लॉक रिंग किंवा रिम तडकलेली असल्यास हवा भरलेला टायर बॉम्बसारखा फुटतो. त्यानंतर ॲक्युम्युलेटरचा (दाबाखालचे तेल साठवणाऱ्या भांड्याचा) दाब पुस्तिकेप्रमाणे उतरवून गेजवर शून्य पाहावे. इंजिन बंद केल्याने हा दाब जात नाही. पार्किंग ब्रेकच्या पिस्टनमागे दाबून बसवलेल्या स्प्रिंगा असतात. त्यांचे झाकण एकामागून एक बोल्ट काढून उघडू नये; लांब बोल्ट किंवा पुस्तिकेतील खास हत्यार लावून ते सगळीकडून सारखे सैल करत आणावे.

गाडी जॅकवर ठेवून काम करू नये. फ्रेमखाली योग्य क्षमतेचे स्टँड द्यावेत, इतर चाकांना ठोकळे लावावेत, आणि हब व ब्रेक असेंब्ली क्रेनने किंवा लिफ्टिंग फिक्श्चरनेच उतरवावी.

कोणत्या प्लेटा पुन्हा वापरता येतात?

फ्रिक्शन प्लेटची जाडी परिघावर निदान चार ठिकाणी मोजावी. जाडीइतकेच खाचांकडेही लक्ष द्यावे: थरावरच्या खाचांतून थंड तेल वाहते, आणि त्या घासून सपाट झाल्या तर जाडी मर्यादेत असूनही प्लेट आतल्या आत जळते. थर काचेसारखा चकाकत असेल, त्याचे टवके उडाले असतील किंवा जळकट वास येत असेल तर ती प्लेट बाद करावी. एका पॅकमध्ये जुन्या आणि नव्या फ्रिक्शन प्लेट मिसळू नयेत, असे मी सांगतो.

स्टील प्लेट अधिक सोशिक असतात. सपाट सरफेस प्लेटवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहावे. उष्णतेने आतील आणि बाहेरील कडा वेगवेगळ्या प्रसरण पावल्या तर प्लेट उथळ शंकूसारखी होते. हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण अशा दोन-तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की डुगडुगतात. निळ्या-काळ्या डागांची प्लेट सपाट असली तरी भिंगाखाली तडे शोधावेत. हब आणि घराच्या ज्या दातांत प्लेटा सरकतात, तिथे नख अडकेल इतके खड्डे पडले असतील तर नव्या प्लेटाही अडकून राहतील आणि ब्रेक सुटणार नाही.

फ्लोटिंग सील बसवताना सर्वाधिक चुका कुठे होतात?

धातूच्या रिंगला आधार देणाऱ्या रबराच्या टॉरिक रिंगला तेल किंवा ग्रीस लावणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. रबराची रिंग आणि तिची बैठक पूर्ण कोरडी व स्वच्छ हवी, कारण ती घसरली तर धातूची रिंग फिरायला लागते किंवा तिरकी बसते. पातळ तेलाचा थर फक्त धातूच्या आरशासारख्या घासणाऱ्या कडेवर लावावा. मी काम केलेल्या एका कार्यशाळेत एका मिस्त्रीने, बसायला सोपे जावे म्हणून, रबरावर ग्रीस लावले होते. तिसऱ्या दिवशी हबखाली तेलाचे थारोळे दिसले आणि दोन पाळ्यांचे काम पुन्हा करावे लागले. त्या माणसाला तीस वर्षांचा अनुभव होता.

सील योग्य इन्स्टॉलेशन टूलने एकाच दाबात बसवावे. स्क्रूड्रायव्हरने ढकलून नाही. बसल्यावर रिंगच्या कडेपासून घराच्या कडेपर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजून सारखे आहे याची खात्री करावी. एकत्र चाललेल्या दोन धातूच्या रिंगा जोडीनेच राहाव्यात. दोन अर्ध्या जुन्या जोड्यांतून एक चांगली जोडी तयार होत नाही.

पिस्टन बसवल्यावर लगेच चाक चढवावे का?

नाही. पिस्टनच्या सीलची दिशा पाहून, त्यांना ब्रेकचेच तेल लावून, पिस्टन तिरका न होऊ देता आत बसवावा. नव्या फ्रिक्शन प्लेट पुस्तिकेत दिलेल्या वेळेइतक्या त्याच तेलात भिजवाव्यात. विशेषतः कागदी थराच्या प्लेटा कोरड्या चालवल्यास पहिल्याच ब्रेकला जळू शकतात. थर रचून झाल्यावर पिस्टनची एकूण हालचाल डायल गेजने मोजावी. ती कमी भरली तर एखादी प्लेट जास्त पडली आहे, जास्त भरली तर एखादी राहिली आहे. रचना करताना प्लेटा मोठ्याने मोजायच्या, ही माझी सवय मी आजही सोडलेली नाही.

त्यानंतर चाक चढवण्यापूर्वी गळतीची चाचणी करावी. पुस्तिकेतील दाब देऊन व्हॉल्व्ह बंद करावा आणि ठरलेल्या वेळात गेजचा काटा किती उतरतो ते पाहावे. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढचे दोन दिवस वाचतात.

पुनर्बांधणीनंतर गाडी लगेच पूर्ण भाराने चालवता येते का?

आधी नळ्यांतील हवा पूर्ण काढावी. ब्लीडरमधून (हवा काढण्याच्या स्क्रूमधून) बुडबुडे थांबेपर्यंत तेल काढावे, आणि एका चाकानंतर लगेच दुसऱ्या चाकाला न जाता पहिले चाक पुन्हा एकदा पाहावे. मग रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर, मधे विश्रांती देत, हलके ब्रेक लावून नवे पृष्ठभाग बसू द्यावेत. त्यानंतर धारण चाचणी, झिजेचे पहिले माप आणि हबची तापमाने नोंदवावीत. पुढच्या सर्व तुलना याच आकड्यांशी होणार आहेत. चाकाचे नट पहिल्या पाळीनंतर पुन्हा टॉर्क करावेत.

कारच्या दुकानात मिळणारे ब्रेक फ्लुइड चालेल का?

कधीही नाही. ते ग्लायकॉलचे असते, तर या डंपरच्या ब्रेकमधील सील खनिज तेलासाठी घडवलेले असतात आणि ग्लायकॉलने खराब होतात. चूक झालीच तर सर्व सील बदलावे लागतात.

बंदरातील रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारी यंत्रे) आणि मोठ्या फोर्कलिफ्टनाही हेच लागू आहे का?

न्हावा-शेवासारख्या कंटेनर बंदरातील यंत्रांचे तत्त्व हेच आहे. तिथे लांब उतार नसतात, पण भरलेला कंटेनर घेऊन दिवसभर थांबणे आणि निघणे चालू असते. अनेक यंत्रांत ब्रेक ड्राइव्ह ॲक्सलच्या हबमध्ये असतात आणि लहान यंत्रांत वेगळा कूलर नसून ॲक्सलचेच तेल उष्णता घेते. म्हणून तिथे तेल वेळेवर बदलणे आणि ब्रीदर स्वच्छ ठेवणे यांना अधिक महत्त्व आहे. किनाऱ्यावरील खारट दमट हवेमुळे आत पाणी जमते. काढलेले तेल दुधट दिसले तर तेल बदलण्यापूर्वी पाण्याची वाट शोधावी.

काढलेल्या जुन्या तेलाचे काय करावे?

एका चाकाच्या ब्रेकमधूनही मोठ्या प्रमाणावर तेल निघते आणि ते धूळ बसवण्यासाठी हॉल रोडवर ओतण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते वेगळ्या, झाकणबंद, नाव लिहिलेल्या ड्रममध्ये ठेवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी. ड्रम बंद करण्यापूर्वी तळातला गाळ एका पांढऱ्या कापडावर घेऊन चुंबक फिरवावे: चुंबकाला चिकटणारा चुरा आणि न चिकटणारा पिवळसर चुरा यांचे प्रमाण त्या चाकाच्या नोंदीत लिहून ठेवावे.